हाको आहे, पुस्तक नाही

आमच्या गोदामात पुस्तकं उंचीप्रमाणे लावतात, हे सांगितलं की पुण्यातले माझे जुने ग्रंथपाल मित्र माझ्या तब्येतीची चौकशी करतात. विषयाप्रमाणे नाही, लेखकाप्रमाणे नाही, भाषेप्रमाणेही नाही. रेघा मारलेल्या फळीला टेकवून पुस्तक उभं करायचं, किती उंच आहे ते बघायचं आणि त्या उंचीच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायचं. त्यामुळे आमच्याकडे बौद्ध तर्कशास्त्राच्या शेजारी डुकरांचे रोग आणि त्यापलीकडे फ्रेंच स्वयंपाक, अशी मंडळी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून उभी असतात. एकाचीही तक्रार नाही. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर असं दृश्य मी कधी पाहिलेलं नाही.

ही पद्धत वेडेपणाची वाटते, पण जागा वाचवते, आणि जपानात जागेपुढे विषयाचं काय चालणार? पुस्तकावर एक बारकोड, ट्रेवर एक, मांडणीवर एक. हातातलं यंत्र तिन्हींवरून फिरवलं की ‘पिक्’ असा आवाज येतो आणि पुस्तकाचा पत्ता पक्का होतो. तो आवाज न होता पुस्तक भलत्याच ट्रेमध्ये गेलं, तर ते गेलंच समजायचं. साध्या ग्रंथालयात हरवलेलं पुस्तक दोन कपाटं सोडून सापडतं, कारण त्याच विषयाचं काहीतरी शोधत कोणीतरी तिथे येतो. इथे कोण येणार? आमच्याकडे वाचक येत नाहीत. उजेडही येत नाही, कारण खिडक्याच नाहीत.

टोकियो आणि आसपासच्या सहा कॉलेजांनी मिळून हे गोदाम भाड्यानं घेतलेलं आहे. आधी इथे टायर ठेवत. नदी ओलांडून चिबाकडे गेलं की नाशपातीच्या बागा आणि ट्रकांचे डेपो लागतात, त्यांच्या मधोमध आमची राखाडी इमारत. कॉलेजांतली मुलं दर वर्षी कमी होताहेत, पण पुस्तकं काही कमी होत नाहीत. शिवाय ग्रंथालयात आता मुलांसाठी सोफे आणि कॉफीचं यंत्र ठेवायचं असतं, आणि यंत्राला जागा लागते. म्हणून जी पुस्तकं कोणी मागत नाही, ती आमच्याकडे येतात. चुकून कोणाला एखादं हवं झालंच, तर कॉलेजकडून मागणी येते आणि आम्ही ते काढून कुरिअरनं पाठवतो.

मी इथे कसा आलो, ते थोडक्यात सांगतो. बायकोची बँकेकडून टोकियोला बदली झाली आणि पुण्यातल्या कॉलेजची ग्रंथपालकी सोडून मी तिच्याबरोबर आलो. व्हिसावर माझं पद ‘आश्रित’ असं लिहिलं होतं. एदोगावातल्या फ्लॅटमध्ये बसून त्या शब्दाकडे बघत बघत मी जपानी शिकलो. गोदाम चालवणाऱ्या कंपनीला ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेला आणि इतक्या लांब रोज यायला तयार असलेला माणूस हवा होता. दोन्ही गोष्टी एका माणसात सापडायला त्यांना वेळ लागला असावा, कारण मुलाखतीत त्यांनी मला बसचं वेळापत्रक सोडून काहीही विचारलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सहा कॉलेजांचे सहा प्रतिनिधी पांढरे हातमोजे घालून, छातीवर कागदी फुलं लावून एका रांगेत उभे राहिले आणि सहा कात्र्यांनी एकाच वेळी एकच फीत कापली. मग संयुक्त समितीचे अध्यक्ष बोलले. ते सहापैकी सर्वांत जुन्या कॉलेजचे प्राध्यापक आणि तिथल्या ग्रंथालयाचे संचालक. त्यांना सगळेच ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. ‘ज्ञानाचं सामाईक घर’ असा विषय होता. भाषण चालू असताना बाकीचे पाचजण रिकाम्या मांडण्यांकडे तिरक्या नजरेनं बघत होते, कोणाला किती आल्या याचा अंदाज घेत.

करार असा, की प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या मांडण्या ठरल्या मुदतीत भरायच्या. रिकाम्या राहिल्या तर त्या दुसऱ्यांना वाटल्या जातील. आणि एकच पुस्तक दोन कॉलेजांनी पाठवलं, तर एकच प्रत राहील, दुसरी रद्दीत जाईल. सामाईक घराचं सगळं मर्म या दोन कलमांत होतं. प्रत्येक कॉलेजला खात्री होती की बाकीची पाच आपला कचरा पाठवून जागा अडवताहेत. माझ्या मते सहाही जणांचं बरोबर होतं.

सेन्सेईंच्या कॉलेजची आणखी एक खास अट होती. इथली चांगली पुस्तकं ‘हाको’मध्ये येतात. हाको म्हणजे पुस्तकाच्या नेमक्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका. एक बाजू उघडी, समोरच्या बंद बाजूवर पुस्तकाचं नाव छापलेलं. मांडणीवर ती नावाची बाजू बाहेर आणि उघडी बाजू आत. उत्तम हाको असेल तर पुस्तक आत सरकताना कोंडलेली हवा हळूच ‘फुस्स’ करून बाहेर पडते. कॉलेजचं म्हणणं असं, की पुस्तकाच्या कापडी बांधणीला बारकोडाचा गोंद लागू नये. म्हणून बारकोड हाकोवर चिकटवायचा. आणि गोदामातल्या माणसांनी पुस्तक हाकोतून बाहेर काढायचं नाही. आमच्या हातांना घाम येतो, असं त्यांनी लिहिलं नव्हतं. ‘वातावरणातील आर्द्रतेपासून संरक्षण’ असं लिहिलं होतं.

गोदामात माणसं दोनच. मी आणि माझी सहकारी, पस्तिशीची एक बाई. ती आधी कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघडं असतं त्या कोपऱ्यावरच्या दुकानात, काम करायची. तिथली सवय म्हणून पहिल्या दिवसापासून ती मला ‘तेन्चो’ म्हणत आली. तेन्चो म्हणजे दुकानाचा मॅनेजर. मी एकदा म्हटलंही, “इथे आपण काही विकत नाही.” त्यावर ती म्हणाली, “ग्राहकही येत नाहीत, तेन्चो. पण कोणीतरी तेन्चो असल्याशिवाय मला काम सुचत नाही.”

तिचा करार मार्चअखेर संपायचा आणि एप्रिलपासून नवा व्हायचा. “दर एप्रिलला मी नवीन माणूस असते,” ती म्हणायची, “फक्त पाठ जुनीच दुखते.” सलग पाच वर्षं ओलांडली की कायद्यानं तिला कायमच्या नोकरीची मागणी करता येते. कायदा चांगला आहे, म्हणूनच अनेक कंपन्या पाचवं वर्ष संपत आलं की माणूस बदलतात. येत्या मार्चला तिची पाच पूर्ण होत होती. ती म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. भाड्याचं घर आईच्या नावावर होतं, आणि आईच्या पश्चात ते आपल्या नावावर व्हायचं तर घरमालक आधी नोकरी कायमची आहे का ते विचारणार, एवढं ती एकदा बोलली होती. मी कंपनीला कळवलं होतं, बाई कामाची आहे, ठेवून घ्या. उत्तर आलं, ‘ग्राहकाची हरकत नसल्यास.’ ग्राहक म्हणजे समिती, आणि समिती म्हणजे सेन्सेई.

त्या वर्षी शरद ऋतूत सेन्सेईंच्या कॉलेजचा वर्धापनदिन मोठ्या थाटात होणार होता. त्यासाठी संस्थापकांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड काचेच्या पेटीत ठेवायचा ठरला. संस्थापकांनी जन्मभर नीतिशिक्षणावर लिहिलं होतं आणि कॉलेजनं ते जन्मभर जपलं होतं. वाचलं मात्र असावं असं दिसत नव्हतं, कारण आमच्याकडे आल्यापासून त्या संचातलं एकही पुस्तक कोणी मागवलं नव्हतं. माझ्या सहकारिणीनं हाको काढला, पिक् केलं, नियमाप्रमाणे आत न डोकावता बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि कुरिअरवाल्याच्या हाती दिला.

दोन दिवसांनी सेन्सेईंचा स्वतःचा फोन आला. जपानी माणूस रागावला की त्याची क्रियापदं लांब होतात. सेन्सेईंची क्रियापदं त्या दिवशी संपता संपत नव्हती.

“आपण कृपापूर्वक पाठवलेला हाको पाहुण्यांच्या उपस्थितीत उघडण्याचं भाग्य आम्हांला लाभलं,” ते म्हणाले. “आत वर्तमानपत्र होतं.”

“वर्तमानपत्र?”

“घट्ट कोंबलेलं. हातात घेतल्यावर वजनाची शंका येऊ नये अशा बेतानं.”

“ते वर्तमानपत्र मला बघता येईल का?”

“काल आमच्या भागात जुन्या कागदाचा दिवस होता.”

म्हणजे पुरावा सुतळीनं व्यवस्थित बांधून, ठरलेल्या वारी, ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवून रद्दीच्या गाडीत गेला होता. या देशात पुरावासुद्धा वर्गीकरण करून टाकतात.

“संबंधित व्यक्तींबाबत काही विचार होणं योग्य ठरेल, असं मला नम्रपणे वाटतं,” सेन्सेई शेवटी म्हणाले. “कंपनीला तशा अर्थाचं पत्र पाठवलं आहे.” गोदामात व्यक्ती दोनच होत्या. परदेशी माणसाला काढलं की कागदपत्रं वाढतात, चौकशा होतात. बाईला काढायला काहीच करावं लागत नव्हतं. मार्च येऊ दिला की झालं.

आम्ही त्या कॉलेजच्या सगळ्या मांडण्या यंत्रानं तपासल्या. पिक्, पिक्, पिक्. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: सर्व काही जागेवर. इतकी निर्दोष तपासणी बघून मला आणखीच संशय आला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण संस्थापकांचं नीतिशास्त्र चोरून कोणी करणार काय?”

“जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकणार.”

“नीतीला भाव आहे तिथे?”

“संच पूर्ण असेल तर असेल.”

आमची मुलगी इथल्याच शाळेत वाढलेली. मराठी समजतं, उत्तर जपानीत देते. टेबलावरून वर न बघता तिनं निकाल दिला, “बाबाच असतील. घरात जिथे तिथे पुस्तकं त्यांचीच असतात.”

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी गोदामात माझं लक्ष सहकारिणीच्या पिशवीकडे गेलं. मोठी, निळ्या कापडाची, रोज येताना फुगलेली आणि जाताना तशीच फुगलेली. ती पिशवी लॉकरमध्ये न ठेवता पायाशी ठेवायची. काम संपलं की पूर्वी पाच मिनिटं बोलत उभी राहायची, आता मिनिटकाट्यावर सायकल काढायची. दुपारी डोळे मिटायचे तिचे. आणि मी डबा खाताना नेहमीसारखं मांडणीवरचं एखादं बिनहाकोचं पुस्तक काढून वाचत बसलो, की ती आपल्या डब्यातून मान वर करून माझ्याकडे बघायची. मी बघितलं की नजर खाली. मनाशी काही असल्याशिवाय माणूस असं बघत नाही, असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून एकही पान उलटलं नाही. तीही जेवत नव्हती. दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून होतो, आणि भोवती काही कोटी पानं निवांत उभी होती.

मग एका संध्याकाळी माझी बस चुकली. रेल्वे स्टेशनापर्यंत चालत निघालो, थंडी वाजत होती, म्हणून वाटेतल्या कोनबिनीत कॉफी घ्यायला शिरलो. दारावरची घंटी वाजली आणि काउंटरवरून ठरलेलं स्वागताचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. पट्ट्यांचा गणवेश घालून ती उभी होती.

“तेन्चो!” तिच्या तोंडून निघून गेलं.

मागच्या खोलीतून दुकानाचे खरे तेन्चो धावत बाहेर आले. “काय झालं?”

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “काही नाही. हे ग्राहक कॉफी मागताहेत.” आणि मला जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यासारखं विचारलं, “लहान की मोठी?”

“लहान,” मी म्हणालो.

काउंटरखाली निळी पिशवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. “कंपनीच्या नियमात दुसरी नोकरी बसत नाही, मला माहीत आहे. पण मार्चनंतर काय ते मला माहीत नाही. पिशवीत गणवेश असतो.”

“कॉफी बरी होती,” मी म्हणालो.

तिनं मान लववली आणि कामाला गेली. कंपनीला मी काही कळवलं नाही. पण आता एक नवी भीती होती. सेन्सेईंच्या पत्रावरून कंपनी चौकशीला लागली आणि कोनबिनीचं कळलं, तर पुस्तकाचं काही सिद्ध करायची गरजच उरणार नव्हती.

पिशवी सुटली, पण संशय तसा माझ्याजवळच राहिला, आणि जायला जागा नसल्यामुळे तो हाकोंकडे वळला. यंत्र बारकोड बघतं आणि बारकोड हाकोवर आहे. मग ‘सर्व काही जागेवर’ म्हणजे नेमकं काय जागेवर? नियम मोडायचा तर साक्षीदारासमोर मोडावा, म्हणून मी तिला हाक मारली. संस्थापकांचा दुसरा खंड काढला आणि उघडी बाजू दिव्याकडे धरली. आत वर्तमानपत्र. तिसऱ्यात वर्तमानपत्र. चौथ्यातही.

ती पांढरी पडली. “तेन्चो, आता मी अख्खा संच चोरलाय.”

मी एक बोळा हळूच उलगडला. कागद चहासारखा पिवळा झालेला, घडीवर हात लावला की तुकडा पडत होता, कडा कसरीनं खाल्लेल्या. आतल्या पानावर एका हसऱ्या तरुणाची जाहिरात होती. त्याच्या कमरेला पेजर लावलेला, आणि आता जगात शोधण्यासारखं काही शिल्लक राहिलेलं नाही असा त्याचा चेहरा.

“माझ्या मावशीकडे होता असला,” ती म्हणाली. “मी तेव्हा पहिलीत होते.”

“आणि इथे टायर होते.”

आम्ही दोघं त्या तरुणाकडे बघत राहिलो. पुस्तकं आमच्याकडून गेली नव्हती. ती आमच्याकडे आलीच नव्हती. मला हायसं वाटलं, तिला वाटलं नाही.

“जुनी वर्तमानपत्रं विकत मिळतात,” ती म्हणाली. “चोर हुशार असेल तर जुनंच वापरेल.”

“तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं आहात?”

“मी समितीसारखा विचार करून बघतेय.”

तिचं म्हणणं खरं होतं. समितीला पटायचं तर नुसतं ‘आमच्याकडे नाही’ सांगून चालणार नव्हतं. पुस्तकं कुठे आहेत ते सांगावं लागणार होतं. मी दुसऱ्या खंडाचा रिकामा हाको कापडात गुंडाळला आणि सेन्सेईंची भेट मागितली.

त्यांची खोली मोठी होती आणि छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली. मला खोल कोचावर बसवलं, ते स्वतः टेबलापलीकडे फिरत्या खुर्चीत. चहा आला. मग ते विश्वास या विषयावर बोलू लागले. पुस्तकं हरवतात आणि मिळतातही, पण सहा संस्थांमधला विश्वास एकदा गेला की, वगैरे. उद्घाटनाच्या भाषणातली काही वाक्यं मला ओळखू आली. भाषण ऐकताना वक्त्याच्या मागे बघायची मला जुनी खोड आहे. सेन्सेईंच्या डोक्यामागच्या कप्प्यात गडद निळ्या कापडी बांधणीची एकसारखी पुस्तकं रांगेत उभी होती. सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर खाली कॉलेजच्या ग्रंथालयाचं छोटं पांढरं लेबल. एकाच्याही अंगावर हाको नव्हता.

“सेन्सेई,” मी म्हणालो, “आपल्या मागची ती निळी पुस्तकं कसली?”

“ती?” त्यांनी मागे न बघताच हात हलवला. “ही खोली माझ्या गुरूंची. त्यांची पुस्तकं मी हलवली नाहीत. आदर म्हणून.”

“नाव वाचता येतं का?”

खुर्ची हळूहळू फिरली. मग बराच वेळ मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

मी उठलो, परवानगी मागितली, दुसरा खंड काढला आणि हाकोत सरकवला. फुस्स. अगदी नेमका बसला.

घडलं ते असं. तिथे प्राध्यापकानं कॉलेजच्या पैशांनी पुस्तक घेतलं तर मालकी ग्रंथालयाची, पण पुस्तक राहतं प्राध्यापकाच्या खोलीत. खोलीत हाकोची अडचण होते, म्हणून गुरूंनी पुस्तकं नेली आणि हाको ग्रंथालयात ठेवले. हाको चेपू नयेत म्हणून कोणीतरी काळजीनं वर्तमानपत्र भरलं आणि ते पुस्तकांच्या जागी रांगेत लावले. हाको टाकून देणं या देशात शक्य नव्हतं. गुरू निवृत्त झाले, खोली शिष्याकडे आली, काळजी घेणारे बदलले. पुढे गोदामातल्या मांडण्या मुदतीत भरायच्या होत्या, तेव्हा ती रांग तशीच्या तशी, बारकोड लावून, आमच्याकडे आली. यात कोणीही खोटं बोललं नव्हतं. संस्थापकांचे खंड सेन्सेईंनी आयुष्यात कधी उघडले नव्हते, हे मात्र त्यांना आता लपवता येण्यासारखं नव्हतं.

“हे प्रकरण,” सेन्सेई खुर्ची वळवून म्हणाले, “आपण आता शांतपणे मिटवून टाकू.”

“जरूर. पण आपण कंपनीला पत्र पाठवलंय.”

“त्यात कोणाचंही नाव नाही.”

“गोदामात दोनच माणसं आहेत, सेन्सेई. मार्चमध्ये करार एकीचाच संपतोय.”

“त्याबाबत सकारात्मक दृष्टीनं विचार करू.”

इतकी वर्षं राहिल्यावर मला एवढं कळतं, की या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो, आणि ते ऐकल्यावर पाहुण्यानं उठायचं असतं. मी उठलो नाही. गार झालेला चहा प्यायलो.

“समितीला मला काहीतरी सांगावं लागेल,” मी म्हणालो. “हाको गोदामात होता, पुस्तक इथे होतं. बाकीच्या पाच कॉलेजांना मग आपल्या इतर हाकोंबद्दलही कुतूहल वाटेल. कोणाच्या मांडण्या भरलेल्या आहेत आणि कोणाच्या नुसत्या भरल्यासारख्या दिसतात, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.”

त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आतापर्यंत मी गोदाम होतो, आता मी शेजारी झालो.

“अशा वेळी अनुभवी माणसं बदलणं समितीच्या हिताचं नाही,” ते म्हणाले आणि टेबलावरचा फोन उचलला. कंपनीशी ते माझ्यासमोरच बोलले. पत्र गैरसमजातून गेलं, बाईंचं काम उत्तम आहे, कायम करा. क्रियापदं अगदी आखूड होती.

संस्थापक काचेच्या पेटीत जाऊन बसले, बाकीचे खंड आमच्याकडे येऊन आपापल्या हाकोत शिरले. समितीच्या पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की खंड आढळले आहेत. कुठे, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून मी एक सौम्य वाक्य तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. मी पुढे म्हणालो, की यापुढे सगळ्याच कॉलेजांचे हाको उघडून बघावेत असा विचार आहे. त्याबरोबर सहाही जणांनी एकाच वेळी चहाचे कप उचलले. फीत कापतानासुद्धा इतकी एकजूट दिसली नव्हती. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, आणि अजून पुढेच चालला आहे. तेव्हापासून मी मांडण्यांमधून फिरताना हाकोंच्या रांगेकडे बघतो आणि यातले किती जण खरंच घरी आहेत, असा प्रश्न मला पडतो.

मार्चमध्ये कंपनीचा माणूस करार घेऊन आला. शेवटच्या तारखेची जागा या वेळी मोकळी होती. तिनं त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघितलं, मग पर्समधून सहीऐवजी वापरायचा आपला छोटा शिक्का काढून फूं करून तोंडाची वाफ दिली आणि नावापुढे उमटवला. कोनबिनीतली नोकरी तिनं त्याच आठवड्यात सोडली. तिथले तेन्चो बरेच नाराज झाले म्हणे.

त्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. मी नेहमीप्रमाणे एक पुस्तक काढलं होतं.

“तुम्हाला माझा संशय आला होता ना, तेन्चो?”

“थोडा. त्या पिशवीमुळे.”

“मलाही तुमचा आला होता.”

“माझा? का?”

“इतक्या वर्षांत या गोदामात पुस्तक उघडून वाचणारा माणूस मी एकच बघितलाय,” ती म्हणाली. “कोणालाही संशय येईल.”

“आणि आता?”

ती डबा धुऊन, हात पुसून आली, माझ्या कोपराशी पालथं ठेवलेलं पुस्तक उचललं, पिक् केलं आणि ट्रेमध्ये ठेवून आली. माझं प्रकरण अर्धं राहिलं होतं.